भिंतीवरचे डॉक्टर

माझी बायको सुनेत्रा गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला, त्या दिवशी सगळ्यांत आधी माझा मित्र चारुदत्त बर्फातून गाडी चालवत नेपरव्हिलला आमच्या घरी आला. तो डॉक्टर आहे. आमच्या मराठी मंडळात ज्याला त्याला आपलं दुखणं आधी चारुदत्तला सांगायची सवय, तेही पार्टीत, जेवणाचं ताट हातात धरून.

त्याच्या हॉलमध्ये एक जुनं इंग्रजी व्यंगचित्र लावलेलं आहे. एका बाईने आपल्या पोटी ससे जन्मल्याची थाप मारली आहे, आणि मोठमोठे डॉक्टर ती खरी मानून तिच्या पलंगाभोवती जमले आहेत. १९८६ च्या दिवाळीत त्या चित्राखालीच सुनेत्रा त्याला म्हणाली, "भावजी, महिनाभर पोटात दुखतंय हो."

"ससा तर नाही ना, वहिनी? मी नाही हं फसणार!"

सगळे हसले. सुनेत्राही हसली, आणि जानेवारीत चक्कर येऊन पडेपर्यंत पुन्हा कोणाला काही बोलली नाही. तोवर कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला होता.

आता चारुदत्त माझा हात सोडत नव्हता. "वहिनी दुखावल्या असतील रे तेव्हा. म्हणूनच परत बोलल्या नाहीत ना? खरं सांग."

मी त्याला पाणी आणून दिलं.



"भावजी हसले, म्हणजे काळजीचं काही नाही," असं सुनेत्रा त्या दिवाळीत घरी येताना गाडीत किती आनंदाने म्हणाली होती, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.