शिवकन्येचा दात

"हा दात घसरून पडल्यानं तुटलेला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठोसा बसलाय. ओठ आतून फाटलाय बघा."

संगप्पाला बघवलं नाही. नांदेडच्या त्या दवाखान्यात त्याची धाकटी बहीण शिवकन्या खुर्चीत गप पडून होती. गोठ्यात घसरले, असं तिनं त्याला त्याच्या गावी, देवणीला फोनवर सांगितलं होतं. दंडावरचा काळानिळा डाग तिनं पदराखाली झाकला, तोही त्याला दिसलाच. तो काय आंधळा होता?

"दाजीनं मारलं ना?"

"न्हाई म्हणलं ना, दादा."

उठताना तिची नजर टेबलावर गेली. दातांच्या साच्यावर एक रबरी पट्टी बसवलेली होती.

"हे काय हाय, बाई?"

"माउथगार्ड. कबड्डीची पोरं नेतात. दाताचं माप घेऊन करून देते. मार बसला तरी दात वाचतात."

"मला करून द्या. आजच पायजे."

डॉक्टरीणबाईंनी संगप्पाकडे बघितलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याच्या घरी नांदायचं म्हणून बहीण दातांना चिलखत मागत होती, आणि हा तिचा पाठीराखा भाऊ म्हणवून घेत शेजारी उभा. बस झालं. हिला आता त्या घरात ठेवायचं नाही.

माउथगार्ड घेऊन संध्याकाळच्या आत जीप अर्धापूरजवळच्या शिवकन्येच्या सासरच्या गावात आली. तिचा नवरा अण्णाराव ओट्यावर बसला होता. संगप्पा उतरला तो थेट त्याच्या अंगावर गेला. आधी थप्पड, मग नाकावर गुद्दा, मग पडल्यावर बरगडीत लाथ. अण्णारावचं बनियन रक्तानं भिजलं. केळीचे घड खांद्यावर वाहणारा गडी तो, मनात आणलं असतं तर त्यानं संगप्पाला उचलून आपटलं असतं. पण त्यानं हात उचलला नाही. गुन्हा कबूल असला की माणूस असाच गुमान मार खातो, संगप्पाला वाटलं.

"बोल की. तूच मारतोस ना हिला?"

अण्णारावनं बायकोकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाला, "चुकलं माझं."

दारामागं त्यांची पोरगी तनुजा उभी होती. अकरावीतली. हात ओढणीत गुंडाळलेले, डोळे रडून सुजलेले.

"आईला मार बसला तवा तू कुठं होतीस गं?"

"तिथंच होते, मामा."

"चला, दोघी बसा जीपमधे. ह्या पोरीचं लगीन आता मीच लावतो. उदगीरचं स्थळ हाय."

संगप्पा बोलला की त्या घरात ते ठरलेलंच असायचं. मागल्या साली तनुजाचं खेळाचं शिबिरही त्यानंच बंद केलं होतं. पोरीच्या जातीला काही लागलं-खुपलं तर पुढं कोण विचारणार, असं त्याचं म्हणणं. आणि त्यात चूक काय होती?

"सकाळी येतो आम्ही," शिवकन्या म्हणाली. "आज एवढं राहू दे. कपडेलत्ते बांधते."

त्याचं मन होत नव्हतं, पण निघाला. फाट्यावर पोचला आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला. माउथगार्ड तिनं आजच का मागितलं? आज मार पडणार हे तिला ठाऊक होतं. आणि आपण त्या जनावराला डिवचून, बहिणीला त्याच्याच ताब्यात ठेवून आलो. त्यानं जीप फिरवली.

घरात कुणी नव्हतं. मागच्या केळीतून आवाज येत होता. धप्प. धप्प. मधेच शिवकन्येचं कण्हणं.

एका घडाला टेकू दिलेला बांबू त्यानं उपसला. घड चिखलात पडला. आडवी आलेली पानं सारत तो धावला. समोर अण्णारावची पाठ दिसली, अंगात तेच रक्ताचं बनियन.

"आज खलासच करतो तुला," म्हणत त्यानं बांबू उगारला.

बांबू खाली आलाच नाही. संगप्पाच्या उजव्या जबड्यात काडकन वाजलं आणि तो मटकन चिखलात बसला. थुंकला, तर रक्ताबरोबर दात हातावर आला.

वर बघितलं. बापाला पाठीशी घालून तनुजा उभी होती, हातात लाल बॉक्सिंग ग्लोव्ज. अण्णारावच्या हातातल्या मोबाईलवर फेरीची वेळ लावलेली होती, तिची घंटी वाजू लागली. त्याच्या पलीकडे शिवकन्या, पदर खोचलेला, घामाघूम. तिनं तोंडातलं माउथगार्ड काढलं. भावाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"असाच टाकायचा डावा," ती पोरीला म्हणाली. "महिनाभर हेच सांगून राहिले तुला."