भेगेवरची काच

रत्नाबाईने आधी जिन्याकडे पाहिलं, मग दाराकडे. कुणी नाही अशी खात्री पटल्यावर तिने पदराआडून एक काचपट्टी काढली.

गौतमी प्रयोगशाळेच्या अर्धवट उघड्या दारामागे उभी होती. सकाळचे पावणेसात वाजले होते. चोर सापडला, असं तिला वाटलं.

विद्यापीठाची ही जुनी शास्त्र इमारत. नुकतीच नवी करून घेतलेली. नवा रंग, नव्या खिडक्या, वर एक वाढीव मजला. अगदी शेजारी आणखी एक इमारत उठणार होती आणि तिच्या तळघरासाठी वीस फूट खोल खड्डा खणून ठेवला होता. खड्ड्याच्या बाजूच्या भिंतीला केसाएवढी भेग पडली होती. भेग जिवंत आहे की मेलेली, म्हणजे भिंत अजून हलते आहे की थांबली, एवढंच गौतमीला सांगायचं होतं. बांधकाम विभागात लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं. अशा भेगेवर आडवी काच पक्की चिकटवतात. भिंत जराशी हलली तरी काच तडकते. तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली पट्टी लावली आणि वर मार्करने तारीख घातली. दर सोमवारी येऊन पाहायची. पाच सोमवार झाले. पाचही वेळा काच अखंड.

आज शुक्रवार. बारा वाजेपर्यंत तिची सही झाली, की सोमवारी चारशे मुलं या इमारतीत बसणार होती.

"मॅडम, भेग कधीच मेली," ठेकेदाराचा सुपरवायझर मनीष येता-जाता म्हणायचा. "मेलेल्याची नाडी किती दिवस बघणार?"

पण काल गौतमीने सहज काचेवरून बोट फिरवलं होतं. तिने लावलेल्या पट्टीचं एक टोक दुधी, खरखरीत होतं. भिंतीवरच्या पट्टीची दोन्ही टोकं गुळगुळीत लागली. तारीख मात्र तीच. वळणसुद्धा तिचंच. कुणीतरी मन लावून बनवाबनवी केली होती.

इतक्या सकाळी इमारतीची किल्ली झाडलोट करणाऱ्या एकट्या रत्नाबाईकडे असायची. ती भुकूम गावची. मनीषही भुकूमचा. तो तिला मावशी म्हणायचा आणि रोज आपल्या गाडीवरून आणून सोडायचा. गौतमीने रात्रीच हिशेब जुळवून टाकला होता. आता फक्त रंगेहाथ पकडायचं बाकी होतं.

"मावशी, हातात काय आहे?"

रत्नाबाई दचकली. पायाशी सुपली होती. सुपलीत काचेचे दोन तुकडे.

"काय न्हाई, ताई."

"हे करायला कुणी सांगितलं? मनीषने?"

"त्या पोराला कशाला मधी घेताय? त्याला म्हाईत बी न्हाई."

"मग कुणी?"

रत्नाबाई जिन्याच्या पायरीवर बसली. तिने काचपट्टी मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच बघत बोलू लागली.

"सायबांना सांगू नका. माज्यासंगं झाडायला हुती त्या रजनीच्या हातनं एक नळी फुटली परयोगाची. दुसऱ्या दिशी तिला गेटातनं आत घेतली न्हाई. म्या हितं फडकं मारलं आन् बघते तर तुमची काच तडकलेली. माजं काळीजच उडालं. वरल्या खोलीत जुन्या पट्ट्यांचा खोका पडला हुता, त्यातली एक आणली. गोंद तुमचाच, खिडकीतला. तारीख रांगोळीवानी बघून बघून काढली. मला कुटं लिवाया येतंय?"

गौतमीने सुपलीतले तुकडे उचलले. एकमेकांना लावून पाहिले. चीर काचेच्या मधोमध, भेगेच्या बरोबर वर आली होती. दोन्ही टोकांचा गोंद तसाच घट्ट होता. मनीष, किल्ली, गाडी, सगळं डोक्यातून निघून गेलं.

"मावशी, किती वेळा बदललीत?"

"रागावणार न्हाई ना?"

"नाही. नीट आठवून सांगा."

रत्नाबाईने बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक हात झाला. दुसरा झाला. मग तिने मोजायचं सोडून दिलं.

"पयली आठा दिसांनी फुटली. मग दोन-तीन दिसांनी. आता रोजच फुटतीया. म्हून म्या सोमवारधरनं भितीला फडकंच लावलं न्हाई, ताई. तरी फुटतीया."