मेऱ्याचा दिवा

दिवाळीच्या अमावस्येला आमच्या तांड्यात कुवाऱ्या पोरी हातात दिवा घेऊन घरोघरी ओवाळत फिरतात. त्याला मेरा म्हणतात. यंदा साऱ्या पोरी पुण्याला नोकरीत अडकल्या, म्हणून भावानं यूट्यूबवरचं मेऱ्याचं डीजे गाणं स्पीकरवर लावलं. यवतमाळहून आल्याआल्या मी ते बंद केलं आणि माझा लहानपणचा पितळी दिवा घासायला घेतला. भावजय म्हणाली, “ताई, हे पोरीसोरींचं काम हाय. तुम्ही पंचेचाळीसच्या झाल्या.” “हो, झाली. पण कुवारी हावो ना मी?” “लोक काय म्हणतील?” “वीस वर्षांपासून पाठीमागं म्हणूनच राह्यले. आज तोंडावर म्हणू दे.” माझ्यासाठी स्थळं पाहून पाहून थकलेली आई भिंत धरत उठली. दिवा हिसकावणार, असं वाटून मी तो घट्ट धरला. तिनं मात्र त्यात काठोकाठ तेल ओतलं. “सारा तांडा फिर. एकही घर सोडू नोको.”