शर्यतीचे प्लग

चारही स्पार्क प्लगच्या टोकांवर सारखीच कोरडी काजळी साचली होती. बायकोने ती नखाने खरवडून पाहिली, खोक्यावरचा आकडा गाडीच्या पुस्तिकेशी ताडला आणि कपाळावर हात मारला. नवऱ्याने हौसेने शर्यतीच्या गाडीचे प्लग आणले होते. गल्लीबोळातल्या सावकाश फेऱ्यांत ते पुरेसे तापतच नव्हते, म्हणून इंजिन आचके देत होतं.

“अहो, तुम्ही भाजी आणायला जाता की शर्यतीला?”

सहा वर्षं ती ‘हे धूड एकदाचं विका’ म्हणून मागे लागली होती आणि तो ‘आधी आचके थांबू देत, मग विकू’ म्हणत वेळ मारून नेत होता.

तिने पुस्तिकेत सांगितलेले साधे प्लग आणून स्वतःच्या हाताने बसवले. मग तपासायला म्हणून एक चक्कर मारायला गेली, ती तासाभराने परतली. इंजिन एका लयीत चाललं होतं.

नवरा फाटकातच उभा होता. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाला, “शब्द म्हणजे शब्द. विकून टाकू या.”


तिने काच खाली केली. “माझी गाडी विकणारे तुम्ही कोण?”