उजेड किती होता

"तू शेजाऱ्यांकडे झोपली होतीस, पिल्ला. तुला आणलंच नव्हतं."

वडिलांचा हा आवाज झिविलेच्या कानातून चाळीस वर्षं हलला नव्हता. त्यांच्या गावात, तेल्शायमध्ये, माणूस गेलं की घरची सगळी शवपेटीभोवती उभी राहतात आणि एक फोटो काढतात. घरोघरच्या अल्बममध्ये तो असतो. झिविलेच्या घरी नव्हता. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. आपल्याला निरोपही घेऊ दिला नाही, हा राग वडील गेल्यावरही गेला नव्हता.

त्यांचं कपाट आवरताना कॅमेरा सापडला. आत त्या काळचा रोल, अजून न धुतलेला. तो घेऊन ती ब्रोन्युसकाकांकडे आली. वडिलांच्या या धाकट्या भावानं वर्तमानपत्राच्या डार्करूममध्ये उभा जन्म काढला होता.

फळीवर दोन बाटल्यांत रोल धुण्याचे दोन डेव्हलपर होते. एक मवाळ. उन्हातला चेहरा त्यात सायीसारखा उतरतो, पण अंधुक काही असलं तर ते कायमचं जातं. दुसरा जहाल. तो अंधारातूनही माणूस ओढून काढतो, उन्हातला चेहरा मात्र करपवतो. रोल एकच. चुकलं तर दुसरी खेप नाही.

झिविलेला मवाळ हवा होता. वडील कॅमेरा काढत ते उन्हाळ्यात, तळ्यावर. रोलमध्ये आई असणार, ओल्या केसांची, हसणारी. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जहाल बाटलीकडे नेला.

आता लेबलही वाचता येत नाही का, असं तिनं विचारलं. लेबलं मीच लिहिलीत बये, काका म्हणाले. तिनं बाटलीवर तळहात ठेवला. काकांनी तो हलकेच बाजूला केला. तिनं पुन्हा ठेवला.

"काका, तळ्यावर भर दुपार असते."

"तळं नाहीये त्यात. पडदे ओढलेली खोली आहे. चार मेणबत्त्या आहेत."

काका स्टुलावर बसले. भाऊ काझिस, झिविलेचे वडील, नको म्हणत असताना शवपेटीजवळचा तो फोटो त्यांनी काढला होता. काझिसनं कॅमेरा हातातून हिसकून कपाटात टाकला. पुढे सहा महिने पोर झोपेतून किंचाळत उठायची. मग हळूहळू विसरली. तेव्हा काझिसनं शेजारच्या घराची गोष्ट रचली आणि भावाकडून शपथ घेतली. पोरीनं माझा राग केला तरी चालेल, म्हणाला होता, पण तिला ते आठवायला नको.

झिविलेचा हात बाटलीवरून खाली आला.

"तू होतीस गं," काका म्हणाले. "त्याच्या कडेवर. वाकून आईच्या पापण्यांवर फुंकर घालत होतीस, तिनं उठावं म्हणून."