भिंतीवरचा हात

भिंतीवरून वाडगं आलं, तेव्हा एस्तेर खाली वाकून भाकरीचे गोळे चाचपत होती.

माळवदावर ऊन चांगलंच तापलं होतं. मातीच्या थाळ्यांवर मांडलेले गोळे उन्हानं फुगले की भट्टीत घालायचे. एरवी ह्या वेळी ती खाली आडवी व्हायची आणि गोळ्यांकडे बघायचं काम सुनेवर, युस्तीनावर सोडायची. आज तिला झोप आली नव्हती.

“आलीस का गं?” भिंतीपलीकडून दबका आवाज आला. “धर लवकर. हात भाजतोय माझा.”

आवाज शेजारच्या रिफ्काचा होता. भिंत डोक्याच्या वर वीतभर उंच. इकडचं माणूस तिकडे दिसायचं नाही. वर फक्त एक हात होता, मनगटावर निळा क्रूस गोंदलेला, आणि त्या हातात झाकण घातलेलं वाडगं. वास काही झाकणाला जुमानत नव्हता. तुपाचा वास.

एस्तेरनं तो लगेच ओळखला. मोठ्या उपासात गावातली कॉप्ट ख्रिस्ती घरं दूधसुद्धा शिवत नाहीत, आणि ह्या विधवेच्या चुलीवरून रोज तूप दरवळत होतं. पहिल्यांदा तो वास आला एस्तेरलाच. गल्लीभर बोभाटा केला तोही तिनंच.

आज सकाळी चर्चमध्ये पाद्र्याचा मदतनीस डीकन म्हणाला, “एकमेकांना शांती द्या.” सगळ्या बायका शेजारणींकडे वळल्या. शेजारणीचा हात आपल्या हातांत घ्यायचा आणि मग आपली बोटं ओठांना लावायची, अशी रीत. रिफ्कानं हात पुढे केला. एस्तेरनं आपले हात शालीत ओढून घेतले.

“तुझ्या हाताला तुपाचा वास येतो,” ती म्हणाली. मागच्या दोन ओळींना ऐकू जाईल एवढ्यानं.

कुणीतरी फिसकन हसलं. पलीकडच्या बाईनंही मग तोंड फिरवलं. रिफ्काचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. “देव तुम्हाला शांती देवो, लबीबच्या आई,” एवढं एस्तेरला म्हणून तिनं आपलीच बोटं ओठांना लावली. जागा मात्र सोडली नाही. शेवटपर्यंत ती एस्तेरला लागूनच उभी होती. एस्तेरला वाटलं होतं, काय निगरगट्ट बाई आहे.

“अगं, धर ना!”

एस्तेरनं वाडगं घेतलं. झाकण सरकलं आणि वितळलेलं तूप तिच्या बोटांवरून ओघळलं. आत तुपात भाजलेल्या मुळीच्या पिठाचं मुघात होतं, दाट, वर तीळ पेरलेले. बाळंतिणीखेरीज ते कुणी कुणाला करून घालत नाही.

“गरम आहे तोवर पिऊन टाक, युस्तीना. काल म्हणालीस ना, आता दूध उतरतंय, बाळ पोटभर पितंय? लागू पडलं बघ. आणि पापबिप काही नाही हो. अंगावर पाजणारीला उपास नसतो, चर्चच्या अबूनांनी तुला स्वतः सांगितलंय. सासूला सांगायची तुझी छाती होत नाही, ते असू दे.”

उपासात तूप चालेल का, असं सुनेनं एकदा विचारलं होतं, चाचरत. “माझी पाच पोरं उपासातच वाढली, मला कुणी तूप पाजलं नाही,” म्हणून एस्तेरनं तिला उडवून लावलं होतं. पुढे नातवाचं रडं थांबलं, गाल भरले, तेव्हा संत मार गिर्गिसच्या दिव्यातलं तेल चोळल्याचा हा गुण, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली. रिफ्कालाही सांगितलं. रिफ्का म्हणाली होती, “संताची कृपा.”

“रडतेयस की काय? सकाळचं मनावर घेऊ नकोस. तू मधे बोलायला निघाली होतीस, मी बघितलं. खबरदार हं! त्या घरात नांदायचंय तुला, मला नाही. मला काय, चार दिवस कुणी हात देणार नाही. ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत आहे.” मग ती हसली. “म्हणे रिफ्का तूप ओरपते! अगं, नुसती हुंगतेय मी. गोडी बेताची झाली की जास्त, तेसुद्धा तू सांगशील तेव्हा मला कळतं. बरं, कालचं वाडगं आण इकडे.”

हात पुन्हा भिंतीवर आला. रिकामा, तळवा वर.

तेवढ्यात खाली अंगणात युस्तीनाचा आवाज आला. ती बाळाला खेळवत होती. बाळ खिदळत होतं.

भिंतीपलीकडचं हसणं थांबलं. हात मात्र मागे गेला नाही.

एस्तेरनं वाडगं खाली ठेवलं. हात पुसायचं तिला सुचलं नाही. टाचा उंचावून तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“लबीबच्या आई?” पलीकडून अगदी हळू आवाज आला.

एस्तेरनं हात सोडला आणि, रीत होती तशी, आपली बोटं ओठांना लावली. बोटं तुपानं माखलेली होती.