चुंबक बंद केल्यावर

"चुंबक बंद होतं, याची खात्री आहे?" डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेला कील विद्यापीठातून परीक्षक म्हणून आलेल्या आलर्स सरांनी पुन्हा विचारलं.

"बंद होतं, सर. वायरसुद्धा काढून ठेवली होती." फ्रीडेरिके पडद्यासमोर ताठ उभी होती.

"आणि रेणूंनी तरीही दिशा सोडली नाही?"

"नाही सोडली."

आलर्स म्हणजे महाखवट माणूस. याच्या तावडीतून भलेभले रडत बाहेर पडलेत. पण आज त्याची डाळ शिजत नव्हती.

काम म्हटलं तर साधं. चांदीच्या तुकड्यावर लोखंडाचा चार अणूंच्या जाडीचा थर द्यायचा, त्यावर रेणूंचा एकच पापुद्रा अंथरायचा. शेजारचं मोठं चुंबक चालू असेतो रेणू शिस्तीत एका दिशेला तोंड करतात. बंद केलं की पांगतात. ते पांगू नयेत म्हणून फ्रीडेरिकेने पाच वर्षं जिवाचं रान केलं, आणि मेले पांगतच राहिले. हिवाळ्यात तिने पडेल चेहऱ्याने प्रबंध देऊन टाकला. पण पोरगी हट्टी. ईस्टरच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजायला बसली, आणि काय आश्चर्य! रेणू जागचे हलेनात. रोज मोजलं, रोज तेच.

"आसपास दुसरं काही नव्हतं? एखादा पाना, स्क्रू?"

"ईस्टरच्या आधी मी होकायंत्र घेऊन खोलीचा कानाकोपरा तपासला होता, सर. साधा खिळाही नव्हता."

आलर्सनी चष्मा काढला. "मग मला आणखी काही विचारायचं नाही. अभिनंदन!"

सर्वोच्च श्रेणी मिळाली. तिच्या मार्गदर्शक हाबरकोर्नबाई एरवी कधी हसायच्या नाहीत. आज त्यांनी सगळ्यांसमोर तिचा हात धरला. "प्रयोगशाळेतली कायमची जागा हिचीच. लेख मी सकाळीच छापायला पाठवलाय. जगात हे पहिल्यांदा हिने करून दाखवलंय!"

मान्सफेल्डहून आलेला तिचा बाप खाणीतला जुना कामगार. तो डोळे पुसत आलर्सना म्हणाला, "साहेब, आमच्या सात पिढ्यांनी तांबं खोदलं. नाव मात्र या पोरीने काढलं." आणि खरंच, त्या क्षणी अख्ख्या खोलीची छाती अभिमानाने फुगली होती.

तेवढ्यात दार ढकलून टिलो आणि त्याची रसायनवाली टोळी आरडाओरडा करत आत घुसली. नव्या डॉक्टरच्या डोक्यावर मित्रांनी गुपचूप बनवलेली टोपी चढवायची, हा तिथला रिवाज. टोपी पुठ्ठ्याची होती, पण माथ्यावर खिळे असे उभे राहिले होते की जणू साळिंदरच.

"अरे, काय जड आहे ही! मान मोडेल माझी," फ्रीडेरिके हसत सुटली.

"मग? चुंबकाच्या डॉक्टरीणबाईंना काय फुसकी टोपी द्यायची? बाजारातलं सगळ्यात जबरदस्त चुंबक आहे आत. माझ्या किल्ल्या खेचून घेतल्या त्याने!"

"आणि मला पत्ता लागू दिला नाहीत? कधी केलीत रे?"

"ईस्टरच्या सुट्टीतच," टिलो ऐटीत म्हणाला. "लपवायची कुठे, हाच घोर होता. तू तर सगळीकडे नाक खुपसतेस. शेवटी म्हटलं, जिथे ही बया कधी वाकून बघत नाही तिथेच ठेवू. तुझ्या यंत्राच्या पोटाखाली. आज सकाळीच काढली."